अ‍ॅप म्हणतं ९८ टक्के, मोठेबाबांची बाग म्हणते वेगळंच. एक्स्टर्नलला (बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला) काय सांगू?

लोखंडीपूल | १२ मार्च, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदा. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही पाच जण नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहोत. यंदा मेजर प्रोजेक्टला विभागाने एकच विषय सगळ्यांना दिला: ‘समाजोपयोगी आणि नैतिक एआय’. फळ्यावर लिहिलं, खाली रेघ मारली, झालं. त्यातून कोणी हेल्मेट ओळखणारा कॅमेरा घेतला, कोणी सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), दोन गटांनी चॅटबॉट (चॅटबॉट घेणारे नेहमी दोन गट असतातच). आम्ही घेतला संत्रा. काटोलजवळ माझ्या मोठेबाबांची साडेचारशे झाडांची बाग आहे, म्हणजे बाग शोधायला हिंडायचं काम नाही.

कल्पना अशी की शेतकऱ्याने पानाचा फोटो काढायचा आणि अ‍ॅपने रोग सांगायचा. डेटा प्लांटव्हिलेजचा घेतला, म्हणजे पिकांच्या पानांच्या फोटोंचा एक खुला साठा. ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग, सगळं फुकट. मॉडेलही तयार मिळतं, आपण फक्त शेवटचे थर शिकवायचे. कोलॅबवर (गूगलचा ऑनलाइन संगणक) एका रात्रीत ९८ टक्के अचूकता आली. गाईड सर खूश. पोस्टर छापून झालं, त्यावर ९८ हा आकडा केशरी रंगात.

गेल्या रविवारी पहिल्यांदा बागेत गेलो. हो, पहिल्यांदा. ६० पानांचे फोटो काढले. ५३ पानांना अ‍ॅपने ‘ग्रीनिंग’ सांगितलं, म्हणजे संत्र्याचं झाड हळूहळू संपवणारा रोग. उरलेल्या सातांपैकी चार द्राक्षाची, दोन सिमला मिरचीची आणि एक पीचचं निघालं.

आम्ही हसत होतो. मोठेबाबा नाही हसले. ग्रीनिंग काय असतं ते त्यांना माहीत आहे. आम्ही निघेपर्यंत त्यांनी दोन झाडांच्या खोडांवर चुन्याने फुल्या मारल्या होत्या, काढून टाकायची म्हणून. बारा वर्षांची झाडं आहेत ती. मोठी आई काही न बोलता आत गेली.

घरी आल्यावर मी डेटासेटची फोल्डरं एकेक उघडून पाहिली. हे काम जुलैत करायला हवं होतं, मान्य आहे. सफरचंदाचं निरोगी पानांचं फोल्डर आहे, टोमॅटोचं आहे, द्राक्षाचं आहे. संत्र्याचं एकच फोल्डर आहे, ग्रीनिंगचं. ५,५०७ फोटो, सगळे आजारी. निरोगी संत्रा त्यात नाहीच! म्हणजे आमच्या अ‍ॅपला संत्र्याचं चांगलं पान कसं दिसतं हे कोणी दाखवलेलंच नव्हतं. पान संत्र्याचं दिसलं की ते ग्रीनिंग म्हणणार.

रात्रीच मोठेबाबांना फोन करून सांगितलं, झाडं काढू नका. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मंग तुह्या मशीनले अठ्ठ्याण्णव कशाचे भेटले?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक्स्टर्नल एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. टीममध्ये दोन तट पडलेत. दोघं म्हणतात, पोस्टर छापलंय, ९८ दाखवू आणि ‘भविष्यातील वाव’मध्ये एक ओळ टाकू. मी आणि एक मैत्रीण म्हणतो, झालं ते सगळं सांगू. पाचवा फोन उचलत नाही. नव्याने प्रोजेक्ट उभा करायला वेळ नाही. काय करावं?

तर्रीपोहे | १२ मार्च, रात्री ११:५८

पाचवा प्रत्येक टीममध्ये असतेच. आमच्यातला पाचवा मीच होतो.

बाकी संत्र्याले पीच म्हणणारं अ‍ॅप पहिल्यांदाच पाहून राह्यलो बे. नागपुरात राहून!

निवृत्त_कृषी | १३ मार्च, सकाळी ६:१०

बाळ, प्रोजेक्टचं नंतर बघू. आधी मोठेबाबांना सांग की कुऱ्हाड बाजूला ठेवा आणि एक पान तोडून मधल्या शिरेवर दुमडून बघा. पिवळेपणा शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असेल, शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल, पान अरुंद नि लहान असेल, तर ती बहुतेक जस्ताची कमतरता. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ती सर्रास दिसते. ग्रीनिंगचे डाग दोन बाजूंना जुळत नाहीत. एकीकडे मोठा पट्टा, दुसरीकडे भलतीकडेच ठिपका. शिवाय फळं लहान आणि वाकडी राहतात, आतल्या बिया काळपट आणि पोचट निघतात. तरीही डोळ्यांनी ठरवून झाड काढू नये. पीसीआर चाचणी करावी, म्हणजे पानात रोगाचा जीवाणू आहे का ते लॅबमधून तपासून घ्यावं. मी तीस वर्षं बागा बघितल्या, आणि नुसत्या पानावरून छातीठोकपणे ग्रीनिंग सांगणाऱ्या माणसावरही माझा विश्वास नाही.

मोठेबाबा घाबरले त्यात चूक काही नाही. या रोगावर औषध नाही. सिट्रस सायला नावाचा इवलासा किडा नवतीवर बसतो आणि रोग या झाडाचा त्या झाडाला देतो. अमेरिकेत फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला. तिथे २००३-०४ च्या हंगामात संत्र्याच्या २४ कोटी पेट्या निघत होत्या, २०२३-२४ मध्ये निघाल्या १.८ कोटी. मध्ये चक्रीवादळंही आली, पण मुख्य मारेकरी हाच.

तुमच्या शिकवणीत हे कुठे येतं मला माहीत नाही, पण दोन चुका सारख्या नसतात. खरं ग्रीनिंग सुटलं तर शेजाऱ्याची बागही जाते. खोटं ग्रीनिंग सांगितलं तर बारा वर्षांचं झाड जातं, आणि नवं कलम लावून हातात धड पैसा यायला सहा-सात वर्षं लागतात. तुमचा ९८ टक्के या दोन्ही चुका एकाच तागडीत मोजतो.

आणखी एक. विदर्भातली बाग खरी खाल्ली आहे ती फायटोप्थोराने, आपण ज्याला डिंक्या म्हणतो त्याने. तो बसतो मुळाशी आणि खोडाशी. पानावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तुम्ही पानाचाच फोटो मागायचं कोणाला विचारून ठरवलंत?

लोखंडीपूल | १३ मार्च, सकाळी ८:०५

काका, खरं सांगते, कोणालाच विचारलं नाही. डेटासेटमध्ये पानं होती म्हणून पानं घेतली.

मोठेबाबांना फोन केला. त्यांनी पान दुमडून बघितलं. दोन्हीकडे सारखं आहे म्हणाले. आवाजात जरा जीव आला.

हिंजवडीत_अडकलेला | १३ मार्च, दुपारी १:२०

मूळचा महालचा. आता नाव वाचलंच असेल.

तुम्ही ज्या डेटासेटवर ९८ काढले, त्यावरचा गाजलेला पेपर २०१६ चा. त्यात ९९.३५ टक्के आहेत, आणि तेच लोक त्याच पेपरात लिहितात की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. हा दुसरा आकडा पोस्टरवर कोणी छापत नाही. त्यातले फोटो अमेरिकेतल्या संशोधन केंद्रांवर पानं तोडून, साध्या कागदावर ठेवून काढलेले आहेत. २०२२ मध्ये एकाने गंमत केली. फोटोतलं पान बघायचंच नाही, पार्श्वभूमीचे फक्त आठ पिक्सेल घ्यायचे. तेवढ्यावर मॉडेलने ४९ टक्के बरोबर सांगितले. अंदाजपंचे सांगितलं असतं तर अडीच टक्क्यांच्या आसपास यायला हवे होते. म्हणजे यंत्र बऱ्याच अंशी रोग नाही, कागद आणि उजेड ओळखत होतं. मोठेबाबांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: अठ्ठ्याण्णव कागदाचे भेटले.

संत्र्याचं पीच कसं झालं? यंत्राकडे ३८ डबे आहेत, प्रत्येक डबा म्हणजे एक पीक आणि त्याचा एक रोग किंवा निरोगी पान, आणि समोर येईल ते त्याला कुठल्या तरी डब्यात टाकावंच लागतं. ‘हे माझ्या ओळखीचं नाही’ असा डबाच नाही. चप्पलचा फोटो दिला तरी ते काहीतरी रोग सांगेल, वर ९० टक्के खात्रीही दाखवेल. म्हणून ‘खात्री कमी असेल तर गप्प बस’ एवढी अट घालून भागत नाही. खोट्यालाही खात्री भरपूर असते.

वेळ महिनाभर आहे ना? पुरेसा आहे. नवं काही बांधू नका. दोन-तीन बागांत जा, काकांसारख्या माणसाकडून पानांवर नावं घालून घ्या. आणि फोटो ट्रेनिंग-टेस्टिंगमध्ये वाटताना पानांप्रमाणे वाटू नका, बागेप्रमाणे वाटा. एकाच झाडाची पानं दोन्हीकडे गेली की पेपर फुटल्यासारखंच आहे. आकडा धाडकन खाली येईल. तोच खरा आकडा.

शंकासुर | १३ मार्च, दुपारी २:०२

सगळं बरोबर, पण मार्कं कोण देणार? शेजारचा गट चॅटबॉट दाखवून ‘ओ’ ग्रेड घेऊन जाणार आणि ही पोरगी ‘आमचं चुकलं’ म्हणून सात घेऊन येणार. नैतिकतेचा पेपर आपल्याकडे तोंडी असतो, प्रात्यक्षिक कोणी घेत नाही.

खडूफळा | १३ मार्च, संध्याकाळी ७:३५

मी बारा वर्षं असे प्रोजेक्ट तपासतो आहे, नागपुरात आणि बाहेर. शंकासुर, तुमचं निम्मं खरं आहे. असे परीक्षक आहेत जे फक्त आकडा आणि पोस्टरची चकाकी बघतात. पण ९५ च्या वर काही दिसलं की हल्ली निदान काही जण विचारतात, चाचणीचे फोटो कुठून आणले? या प्रश्नावर किती गट गप्प होतात ते मी पाहिलंय. ही मुलगी एकटी अशी असेल जिच्याकडे उत्तर आहे.

आता माझी कबुली. असा विषय मीही फळ्यावर लिहिलेला आहे. ‘समाजोपयोगी’ लिहिलं आणि समाज कुठे भेटेल ते सांगितलं नाही. आपल्या मुलांना सवय लागली आहे हॅकेथॉनची. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहा जणांची टीम, त्यात किमान एक मुलगी, ३६ तास जागरण. त्यातून कोडिंगचा हात बसतो, मला ती स्पर्धा आवडते. पण ३६ तासांत शेतकरी भेटत नाही. मग सगळे गट एकाच संकेतस्थळावरून तोच डेटा उचलतात आणि त्यावर समाजोपयोगी असं नाव चिकटवतात. यंदा मी माझ्या गटांना सप्टेंबरपर्यंत कोड लिहू दिला नाही. खूप शिव्या खाल्ल्या.

सूक्ष्मदर्शी | १३ मार्च, रात्री ९:४८

सिकलसेलचा गट वाचला आणि राहवलं नाही. मी नागपुरात लॅबमध्ये काम करते. दरवर्षी जानेवारी उजाडला की मुलं येतात. चांगली असतात, नम्र असतात. आणि पहिलं वाक्य: मॅडम, रुग्णांच्या माहितीची एक्सेल मिळेल का?

त्या गटाला माझ्याकडून एवढं सांग. रक्ताच्या काचपट्टीच्या फोटोवरून विळ्याच्या आकाराच्या पेशी ओळखता येतात, ठीक आहे. पण वाहकाची, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेलचं जनुक आलेल्या एएस व्यक्तीची काचपट्टी बहुतेक वेळा अगदी नॉर्मल दिसते. आणि गावोगाव तपासणी करायची ती मुख्यतः वाहक कळावेत म्हणून. आपली सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण हे ती सांगत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी लॅबची तपासणी लागते. मुलांचं मॉडेल ज्यांना आधीच दुखतंय त्यांनाच ओळखणार, आणि ज्यांना ओळखायला हवं त्यांना ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवणार. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. एवढ्या आकड्यांत असं एखादं यंत्र घुसलं तर काय होईल विचार करा.

दुसरी गोष्ट एक्सेलची. “मॅडम, नावं काढून टाका, मग चालेल ना?” नाही चालत. गाव राहिलं, वय राहिलं, लिंग राहिलं. दोनशे उंबऱ्यांच्या गावात एकोणीस वर्षांची मुलगी कोण, हे शोधायला संगणक लागत नाही. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे, दोन वाहकांनी लग्न करण्याआधी सल्ला घ्यावा एवढंच त्यात आहे. पण गावात ते तसं पोचत नाही. मुलीचं लग्न मोडतं. मी मोडलेली पाहिली आहेत.

अठराच्या आतली मुलं असतील तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांच्या संमतीची अट आहे, हेही त्यांना सांग. कायदा सांगितला की निदान ऐकतात.

कोयतूर | १४ मार्च, सकाळी ७:१५

ताईंच्या एक्सेलवरून आठवलं. मी गडचिरोलीकडे शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून काही विद्यार्थी गोंडी बोली वाचवायला आले होते. हो, वाचवायला. माझ्या आईने दोन तास म्हणी आणि गाणी सांगितली, मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली. ती पोरं पुन्हा आली नाहीत, रेकॉर्डिंगही परत आलं नाही. आई अजून विचारते, ते पोट्टे पास झाले का?

गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत २९ लाखांच्या वर आहेत, तरी आठव्या अनुसूचीत आम्ही नाही. सरकारी भाषांतराची बरीच साधनं अनुसूचीच्या बावीस भाषांपाशीच थांबत आली. म्हणून कोणी काम करत असेल तर मला आनंदच आहे. पण आवाज खुल्या परवान्यावर टाकला की तो परत घेता येत नाही. कॉमन व्हॉइससारख्या, लोकांचे आवाज गोळा करणाऱ्या ठिकाणी दिलेला आवाज कोणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकतो. त्यात वाईट काही नाही, पण आईला ते देताना सांगायला नको का? संमतीच्या कागदावर अंगठा घेतला होता. कागद इंग्रजीत होता.

तर्रीपोहे | १४ मार्च, सकाळी ९:३०

इंग्रजीत? गोंडीच्या कामाले? हात जोडले बाप्पा.

वर्धारोड | १४ मार्च, दुपारी १२:४४

हेल्मेटवाल्या गटासाठी दोन पैसे. आपल्याच शहरात २०२१ पासून आय-रास्ते नावाचा प्रकल्प झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपलआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महापालिका एकत्र आले होते. शहर बसमध्ये कॅमेरे बसवले, पुढे धडक होईल असं वाटलं की चालकाला इशारा. मला त्यातली खरी हुशारी वाटते ती पुढची: जिथे हे इशारे वारंवार वाजतात ती जागा नकाशावर मांडायची, म्हणजे अपघात व्हायच्या आधीच तो चौक सापडतो. म्हणजे कॅमेरा माणसाकडे नाही, रस्त्याकडे बोट दाखवतो. हीच नोंद उद्या चालकाचा पगार कापायला वापरली तर? यंत्र तेच, कॅमेरा तोच, पण चालक दुसऱ्या दिवसापासून लेन्सवर फडकं टाकेल.

आणि चेहरा ओळखण्याच्या भानगडीत पडणार असतील तर २०१८ चा जेंडर शेड्स अभ्यास वाचायला सांग. विकतच्या यंत्रांत गोऱ्या पुरुषांना ओळखताना चूक ०.८ टक्क्यांपर्यंत, सावळ्या-काळ्या बायकांत ३४.७ टक्क्यांपर्यंत. तिथे नुसतं स्त्री की पुरुष एवढंच ओळखायचं होतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता व्हरायटी चौकात उभी असलेली बाई डोळ्यांपर्यंत दुपट्टा गुंडाळून असते. ती कुठल्या डब्यात जाणार?

कळमना_पहाटे | १४ मार्च, रात्री १०:२०

मी आडतीवर बसतो. कॉम्प्युटरचं समजत नाही, पण पोरीनं विचारलं नाही ते सांगतो.

तुमचं अ‍ॅप फोटोसोबत जागा पण टिपत असेल. मोबाइल टिपतेच. ते सगळं कुठंतरी साठत असेल. काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, कोणाच्या बागेत काय रोग, किती झाडं. बरोबर?

आता आमचा धंदा कसा चालते ते ऐका. बाग झाडावरच विकत घेतली जाते. व्यापारी येते, बाग फिरते, फळ मोजते, सौदा होते. शेतकऱ्याले त्याची बाग माहीत असते, व्यापाऱ्याले पूर्ण माहीत नसते. त्या अंतरात भाव असते. तुमची यादी माह्या हाती लागली तर मी सौद्याले जाताना मोबाइल दाखवीन आणि भाव पाडीन. खोटं असलं तरी पाडीन. ५३ पानं ग्रीनिंग म्हटल्यावर मोठेबाबा काय बोलणार माह्यासमोर? सरळ सांगतो, राग नका मानू. मी नाही केलं तर दुसरा करीन.

अ‍ॅप करा, पण यादी करू नका.

हिंजवडीत_अडकलेला | १४ मार्च, रात्री १०:५१

हा या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रतिसाद आहे. आम्ही कंपनीत याच कामासाठी सल्लागाराला पैसे देतो आणि तो चाळीस स्लाइड दाखवतो.

तांत्रिक उत्तर सोपं आहे. मॉडेल लहान करून मोबाइलवरच चालवा, फोटो सर्व्हरवर पाठवूच नका. फोटोला चिकटलेली जागेची माहिती पहिल्या पायरीवरच पुसा. शिकवण्यासाठी फोटो हवाच असेल तर वेगळं विचारा, आणि तालुक्याच्या खालचं काही नोंदवू नका.

लोखंडीपूल | १५ मार्च, रात्री १२:३०

हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तपासलं. जागा टिपली जात होती. सगळे ६० फोटो अक्षांश-रेखांशासकट आमच्या ड्राइव्हवर होते आणि लिंक ‘कोणीही पाहू शकतं’ अशी होती. आता बंद केली. कळमना काका, राग कसला. मोठेबाबांना तुमचं वाचून दाखवलं, ते म्हणाले, “हा मानूस खरा हाय.”

टीमची बैठक झाली. भांडण झालं, तपशील देत नाही. ठरलं की जे घडलं ते मांडायचं. पाचवा परत आला. त्याच्याकडेच बाईक आहे.

निवृत्त काका, एक विचारू? एक दिवस काटोलला याल का?

निवृत्त_कृषी | १५ मार्च, सकाळी ५:५५

गणेशपेठहून सकाळची एसटी धरतो. माझ्यासाठी गाडी-बिडी करू नका. भिंग मी आणेन. कात्री, कागदी पिशव्या आणि कायमच्या शाईचा पेन तुम्ही आणा. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, पानं घामेजतात.

लोखंडीपूल | २५ एप्रिल, रात्री १०:१५

उशीर झाला, परीक्षा सुरू होती. काय झालं ते सांगते.

तीन बागांत चार वेळा गेलो. काका तीनदा आले. पहिल्या दिवशी त्यांनी आमचे मोबाइल खिशात ठेवायला लावले आणि दोन तास नुसतं खोडाकडे बघायला लावलं. मोठेबाबांच्या बागेत डिंक्या निघाला, सहा झाडांना, जमिनीलगत. खोडाला बोर्डोपेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची उंची आणि वेळ यावरून काका आणि मोठेबाबांचा अर्धा तास वाद झाला आणि मग दोघं मिळून आमच्यावर घसरले.

अ‍ॅप आता रोगाचं नाव सांगत नाही. तीनच उत्तरं देतं: पान ठीक दिसतं, जस्ताची कमतरता असू शकते, सांगता येत नाही म्हणून जाणत्या माणसाला दाखवा. ग्रीनिंग हा शब्दच काढला. तो शब्द उच्चारण्याइतका पुरावा आमच्याकडे नाही. बागेप्रमाणे वाटणी करून तपासलं तर अचूकता ७१ टक्के. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर ते भरपूर वेळा देतं, आणि मला आता त्याचा राग येत नाही. फोटो मोबाइलबाहेर जात नाही.

पोस्टरवरचा ९८ आम्ही ठेवला, त्यावर चुन्याने, म्हणजे पांढऱ्या खडूने, फुली मारली आणि खाली ७१ लिहिला. कल्पना पाचव्याची.

एक्स्टर्नल बाई होत्या. त्यांनी फुलीकडे बघून विचारलं, हे काय? आम्ही सांगायला लागलो ते वीस मिनिटं बोलत होतो. इतर गटांना दहा मिळाली होती. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, तुमच्या अ‍ॅपमुळे चुकून झाड काढलं गेलं असतं तर पैसे कोणी दिले असते? आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आलं नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मार्कं अजून यायची आहेत.

सिकलसेलच्या गटाला ताईंचं सगळं पाठवलं होतं. त्यांनी मॉडेल सोडून समुपदेशनाची मराठी माहितीपत्रकं सोपी करून दाखवली. त्यांच्या गाईडना ते प्रोजेक्टच वाटलं नाही, त्यावर अजून वाद चालू आहे.

आणि फुलीच्या दोन झाडांचे नमुने पीसीआरला दिले होते. दोन्ही निगेटिव्ह आले.

सूक्ष्मदर्शी | २५ एप्रिल, रात्री १०:४०

बरं वाटलं गं. माहितीपत्रकं मला पाठवायला सांग, आमच्याकडे खरंच लागतात.

निवृत्त_कृषी | २६ एप्रिल, सकाळी ६:०२

एका निगेटिव्हवर पेढे वाटू नका. हा जीवाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, या फांदीत सापडत नाही आणि त्या फांदीत असतो. पावसाळ्यानंतर नवती आली की झाडाच्या चारही बाजूंची पानं घेऊन पुन्हा द्या. तोवर सायलावर लक्ष ठेवा.

आणि मोठेबाबांना सांग, पेस्टबद्दल मीच बरोबर होतो.

कोयतूर | २६ एप्रिल, सकाळी ८:२०

लोखंडीपूल, तुमच्यापैकी कोणाला गोंडीवर काम करायचं असेल तर या. कोड नंतर लिहा, आधी आठ दिवस राहायला या. आई रांधेल. जुनी रेकॉर्डिंग कोणाकडे असतील तर तेवढी शोधून आणा.

शंकासुर | २६ एप्रिल, सकाळी ११:१०

मार्कं आली की इथे टाक. मी वाट बघतोय, आणि या वेळी मी चुकलो तर मला आवडेल.

नरखेडकर | २६ एप्रिल, दुपारी ३:३३

धागा आजच वाचला. आमची तीनशे झाडं आहेत, अंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांचा) धरला आहे आणि सध्या फळगळ जोरात आहे. पानाचं ठीक, पण पडलेल्या फळाचा फोटो घेऊन काही सांगता येईल का? किडीने पडलं, बुरशीने पडलं की पाण्याच्या ताणाने, यातच आमचा सगळा जीव टांगलेला असतो. पोरं येणार असतील तर जेवायची सोय आहे.

लोखंडीपूल | २६ एप्रिल, दुपारी ४:०५

काका, सांगता येईल की नाही ते आत्ता सांगत नाही. आधी फळं बघतो. तीन मेला शेवटचा पेपर, चार मेला सकाळी आठपर्यंत पोचलो तर चालेल का? एसटी स्टँडपासून बाग किती लांब आहे?

नरखेडकर | २६ एप्रिल, दुपारी ४:१७

आठ म्हणजे उशीर झाला. उन्हाच्या आधी या, सहाला. पडलेली फळं आम्ही सातला वेचून जाळतो.